घाटावर आलेलं शेवाळ

वेल्हे तालुक्याला समुद्र नाही. सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून तेच वापरतो. सरळ रेषेत धरलं तर अरबी समुद्र इथून सत्तरेक किलोमीटरवर. पण मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. मढे घाट, उपांड्या घाट या वाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर यायची. आता समुद्राची आणखी एक वस्तू येते आणि तिला घाटवाट लागत नाही. ती नसरापूरकडून टेम्पोत येते आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर करप्याच्या औषधाशेजारी मांडली जाते. तपकिरी-काळसर पातळ द्रव, किंचित खारट वासाचा. बाटलीवर ‘समुद्री शेवाळ अर्क’ असं लिहिलेलं असतं. शेतकरी तिला नुसतं ‘टॉनिक’ म्हणतात.

शेवाळ म्हटलं की वेल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर विहिरीची निसरडी पायरी येते, नाहीतर पावसाळ्यात हिरवी पडलेली अंगणाची फरशी. त्या शेवाळाचे पैसे देऊन कोणी बाटली घेईल, यावर त्याचा सहजी विश्वास बसत नाही. समुद्रातलं शेवाळ वेगळं. त्याला मूळ नसतं, फूल-फळ नसतं. खडकाला चिकटायला तळाशी एक पकड असते, आणि अन्न मुळांनी नव्हे तर सगळ्या अंगाने पाण्यातून घेतलं जातं. हिरवं, तपकिरी आणि लाल अशी त्याची तीन मोठी घराणी. भारताच्या किनाऱ्यांवर सुमारे साडेआठशे जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या व्यापाराच्या कामाच्या फार थोड्या, आणि बाटलीत सर्वांत जास्त दिसणारी जात तर मुळात आपल्या समुद्रातली नाहीच.

तिचं नाव कप्पाफायकस. लाल शेवाळाच्या घराण्यातली, जाड, मांसल फांद्यांची. मूळची फिलिपिन्सची, १९८४ साली भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने जपानमार्गे तिचं बियाणं भारतात आणलं. ही संस्था १९५४ मध्ये मिठाच्या संशोधनासाठी निघाली होती. शेवाळ तिच्याकडे मिठाच्या शेजारधर्माने आलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर रुळवलेलं हे रोप नव्वदीच्या दशकात तमिळनाडूतल्या मंडपमला गेलं, आणि २००० च्या सुमारास पेप्सिको कंपनीने तिथे कराराची शेती सुरू केली. बारा बाय बारा फुटांचा बांबूचा तराफा, त्यावर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले शेवाळाचे तुकडे. साठ किलो बांधायचे, पंचेचाळीस दिवसांनी अडीचशे किलोंच्या आसपास काढायचे. खत नाही, पाणी द्यायचं नाही, तण म्हणून चिकटणारी दुसरी शेवाळं मात्र हाताने काढावी लागतात. ही कामं बहुतेक बचत गटांतल्या बायका करतात. सुकवल्यावर दहा किलोंचा एक किलो उरतो आणि भाव त्या एका किलोला मिळतो.

भावनगरच्या शास्त्रज्ञांनी केलेली खरी करामत पुढची. आधी शेवाळ वाळवून त्यातला कॅरागीनन हा चिकट पदार्थ काढत. त्यांनी ओलं असतानाच ते चरकात घातल्यासारखं पिळलं. जो रस निघाला तो पिकांवर फवारता येतो, आणि जो चोथा उरला त्यात कॅरागीनन शाबूत राहतं. एकाच मालातून दोन जिन्नस. या पद्धतीचं अमेरिकी पेटंट २००५ साली मिळालं. पेप्सिकोचा शेवाळाचा कारभार २००८ मध्ये अ‍ॅक्वाअ‍ॅग्री या कंपनीकडे गेला, आणि आता खतांच्या दुकानांत ‘इफ्को’चं ‘सागरिका’ आणि तिच्यासारखी अनेक नावं दिसतात.

वेल्ह्यातलं पीक भात. इंद्रायणी, कुठे आंबेमोहोर, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. जूनमध्ये रोपं, जुलैत आवणी, ऑक्टोबरात कापणी. टॉनिकची फवारणी दोनदा सांगितली जाते: एकदा फुटवे फुटताना, एकदा पीक पोटरीला आल्यावर. रसात पोटॅश असतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात, आणि पेशींची वाढ चाळवणारी सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी संप्रेरकं अगदी थोड्या प्रमाणात असतात. काम करतात ती मुख्यतः ही संप्रेरकं आणि ताण सोसायला मदत करणारी बीटेनसारखी द्रव्यं. म्हणजे हे खत नव्हे. एकरी लागणाऱ्या नत्राची जागा पाव लिटर रस घेऊ शकत नाही, आणि जो विक्रेता तसं सांगतो तो थापा मारतो.

उपयोग होतो का? प्रयोगशाळेत आणि विद्यापीठांच्या शेतांवर होतो, अनेक पिकांत झालेला आहे. पण वेल्ह्याच्या जुलैत वेगळी अडचण आहे. पानावर फवारलेलं औषध आत मुरायला काही तासांची उघडीप लागते, आणि आवणीनंतरच्या दिवसांत मावळपट्ट्यात पाऊस अशी उघडीप देईलच याचा नेम नाही. दुपारी फवारलं आणि संध्याकाळी सर आली की पैसे खाचरातून ओढ्याला. कोरडवाहू कांद्याच्या किंवा नाशिकच्या द्राक्षांच्या शेतावरचे निकाल इथल्या भाताला जसेच्या तसे लावणं म्हणूनच चूक. इथे अशी फवारणी करायचीच झाली तर सप्टेंबरात, पाऊस ओसरताना.

दुसरी अडचण बाजाराची. युरियाची टंचाई असली की युरियाच्या गोणीबरोबर टॉनिकची बाटली गळ्यात मारायची, याला राज्यभर ‘लिंकिंग’ म्हणतात. शेतकरी बाटली मागत नाही. युरिया हवा म्हणून ती घेतो. कित्येक वर्षं या वर्गातल्या मालाला कायद्याचं बंधनच नव्हतं. ना खत, ना कीटकनाशक, त्यामुळे कुणाचीच तपासणी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात ‘जैव-उत्तेजक’ हा नवा वर्ग घातला आणि शेवाळाचा अर्क त्यात आला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलेले आकडे बोलके आहेत: देशात तीस हजारांच्या आसपास जैव-उत्तेजकं बिनदिक्कत विकली जात होती, कडक तपासणीनंतर साडेसहाशेच्या आसपास उरली. उरलेल्या एकोणतीस हजारांवर बाटल्यांत काय होतं याची मला राहून राहून उत्सुकता वाटते. समुद्राचं पाणी आणि गूळ एवढंच असतं तरी निदान समुद्राशी काही नातं म्हणता आलं असतं.

बाटली डोळ्यांना दिसते. न दिसता तालुक्यात पोचलेलं समुद्री शेवाळ याहून जुनं आहे. वाण्याच्या दुकानात ‘चायना ग्रास’ नावाने पांढऱ्या, कुरकुरीत पट्ट्यांची पुडी मिळते; त्याचं पुडिंग करायचं फॅड एकेकाळी गावोगाव गेलं. तो म्हणजे अगर, लाल शेवाळ उकळून, गोठवून, वाळवून केलेला. जपानात ही कृती सतराव्या शतकापासून आहे. भारतात त्याचा कच्चा माल मन्नारच्या आखातातून येतो आणि कारखाने मदुराईच्या आसपास आहेत. तिथल्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, चष्मा लावून पाण्यात बुडी मारतात आणि खडकावरून शेवाळ तोडून काढतात. १९८६ मध्ये तिथल्या एकवीस बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही वेच एका रात्रीत गुन्ह्यासारखी झाली. मग या बायकांनीच महिन्यातले वेचणीचे दिवस ठरवले, हातानेच तोडायचं असे नियम केले. रामेश्वरमजवळच्या चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती या त्यांच्या पुढारी. त्यांना २०१५ साली ‘सीकॉलॉजी’ पुरस्कार मिळाला.

पण अगरची खरी जागा स्वयंपाकघरात नाही. वेल्ह्याच्या पेशंटला लघवीची जळजळ आणि ताप असतो, डॉक्टर ‘कल्चर’ करायला सांगतात, नमुना नसरापूरला नाहीतर पुण्याला जातो. तिथे तो पसरला जातो काचेच्या किंवा प्लास्टिकच्या एका उथळ ताटलीत, आणि त्या ताटलीतला थर अगरचा असतो. जंतू त्यावर वाढून ठिपके दिसू लागतात. कोणतं औषध चालेल ते त्यावरून कळतं. १८८१ पर्यंत जंतू असे वेगळे वाढवण्याची धड सोय नव्हती. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख बटाट्याचे काप वापरत, मग जिलेटिन वापरू लागले. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला वितळतं, शिवाय काही जंतू तेच खाऊन त्याचं पाणी करतात. कॉख यांच्याकडे काम करणारे वाल्टर हेस या कटकटीने वैतागले होते. त्यांची बायको फॅनी त्यांच्या प्रयोगांची चित्रं काढायची, माध्यमं शिजवायची. उन्हाळ्यातही तिच्या जेली विरघळत कशा नाहीत, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने अगरचं नाव सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये लहानपणी, जावाला राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून ती हे शिकली होती. अगर पंचाऐंशी अंशांच्या आसपास वितळतो, पण एकदा वितळला की चाळीस अंशांच्या खाली येईपर्यंत गोठत नाही, आणि एकदा गोठला की जंतूंना लागणाऱ्या सदतीस अंशांना हूं की चूं करत नाही. दोन्ही गुण प्रयोगशाळेला नेमके हवे होते. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूवरचा निबंध लिहिला, त्यात अगरचा उल्लेख एका ओळीत आला. फॅनीचं नाव आलंच नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा अगर बंद झाला आणि जगभर धावपळ उडाली. भारतातही याच काळात आपल्याच किनाऱ्यावरच्या ग्रॅसिलारिया या शेवाळापासून अगर करून पाहिला गेला. आपल्याकडच्या शेवाळ-उद्योगाची पहिली पावलं त्या टंचाईतून पडली. टंचाई काही जुन्या काळातच संपली नाही. २०१५ मध्ये मोरोक्कोने आपल्या जेलिडियम शेवाळाच्या काढणीवर आणि निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांत उच्च दर्जाच्या अगरचा तुटवडा झाला आणि भाव चढले. एका देशाच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर केवढा डोलारा उभा आहे, हे तेव्हा कळलं. पुण्यात तर हा डोलारा मोठाच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, इस्पितळांच्या प्रयोगशाळा, लस आणि औषधांचे कारखाने, शिवाय ऊतीसंवर्धन. जळगावच्या ग्रँड नैन केळीचं किंवा तळेगावच्या पॉलिहाउसमधल्या जरबेराचं रोप मातीत जाण्याआधी बहुतेक वेळा बाटलीतल्या अगरच्या थरावर वाढलेलं असतं.

इतर वाटा थोडक्यात सांगतो. चॉकलेट-दुधाच्या डब्यात कोको तळाशी बसत नाही, आइस्क्रीमचे खडे होत नाहीत, ते अनेकदा कॅरागीननमुळे. पाकिटावर ‘आयएनएस ४०७’ असा आकडा दिसला की तेच. तपकिरी शेवाळातून निघणारं अल्जिनेट दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात: तोंडात दाबलेली ती गुलाबी लापशी. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंग घट्ट करायलाही अल्जिनेट लागतं, कारण स्टार्चची खळ त्या रंगांशी स्वतःच प्रक्रिया करून बसते. हायवेवरच्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो हेही मुळात शेवाळाचंच अपत्य: १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या शेवाळाच्या सारातून ती चव शोधली. आता ते मळी किंवा स्टार्च आंबवून करतात, त्यात शेवाळाचा अंशही नसतो.

एवढं सगळं खरं, तर मग मढे घाटाखाली उतरून गाठता येणाऱ्या कोकणाला यातलं काय मिळतं? जवळजवळ काही नाही. जगात साडेतीन कोटी टन ओलं शेवाळ निघतं, त्यातलं सत्त्याण्णव टक्के आशियात, निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये. भारताचा वाटा नगण्य, आणि भारतात महाराष्ट्राचा त्याहून नगण्य. शेवाळ नाही म्हणून असं नव्हे. १९२७-२८ मध्ये फ्रेडरिक बॉर्गेसन हे डॅनिश शैवालतज्ज्ञ मुंबई इलाख्याचा किनारा पायाखाली घालून गेले आणि त्यांनी इथल्या हिरव्या, तपकिरी, लाल शेवाळांवर निबंधमाला लिहिली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत विनोद धारगळकरांनी पुढे या किनाऱ्यावर कित्येक वर्षं काम केलं. हरिहरेश्वर, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, कुणकेश्वर, जिथे जिथे कातळाचं खडप ओहोटीला उघडं पडतं तिथे शेवाळ आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरात त्याचे कोंब दिसू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी भर. मेमध्ये ऊन भाजून काढतं. कालवं काढायला खडपावर गेलेल्या बायका उल्वा या शेवाळाच्या हिरव्या पानांवर पाय ठेवूनच काम करतात. पाय घसरतो, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० साली शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले, आणि पाच वर्षांत अकरा लाख टनांहून जास्त उत्पादनाचं लक्ष्य जाहीर झालं. तेव्हापासून कोकणातही मंडपमसारखे तराफे लावू या, असा सूर आहे. काही प्रयोगही झाले. मला हा सूर फसवा वाटतो, आणि त्याचं कारण वेल्ह्यात आहे. मढे घाटाच्या कड्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचं पाणी कानंदी, गुंजवणी, नीरा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. कड्यावरून खाली पडणारं सावित्रीच्या खोऱ्यातून बाणकोटच्या खाडीला लागतं. अशा कित्येक नद्या जून ते सप्टेंबर गढूळ गोडं पाणी किनाऱ्यावर ओतत असतात. कप्पाफायकसला खारं, स्वच्छ, फार न हलणारं पाणी लागतं. मंडपमला रामेश्वरम बेटाचा आडोसा आहे. कोकणात जूनच्या उधाणात मच्छीमारी बंद ठेवावी लागते, तिथे बांबूचा तराफा कसा टिकायचा? म्हणजे दर वर्षी मेअखेर सगळं उपसायचं, बियाणं कुठेतरी टाक्यांत जगवायचं आणि ऑक्टोबरात नव्याने बांधायचं. हा खर्च धरून बचत गटाच्या बाईच्या हातात काय पडेल याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

मंडपमचा अनुभवही निव्वळ गोड नाही. सगळी लागवड एकाच आयात बियाण्याच्या तुकड्यांवरून वाढलेली. २०१३ च्या सुमारास सुकं उत्पादन दीड हजार टनांपर्यंत चढलं आणि लगेच समुद्र तापून पीक मोठ्या प्रमाणावर मेलं. पुढची काही वर्षं ते सावरलं नाही. त्याआधी २००८ मध्ये मदुराईच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कुरुसडाई बेटाजवळ हे शेवाळ तराफ्यांवरून सुटून जिवंत प्रवाळांवर चढून बसलं आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. तिथे परक्या शेवाळाची दोरी बांधण्याआधी दहादा विचार व्हावा.

याच्या उलट, ज्या पावसाने कप्पाफायकस मरतं त्याच पावसात कोकण-गोव्याच्या खडकांवर एक शेवाळ उगवतं. पॉर्फिरा, पातळ, जांभळट, ओल्या रेशमाच्या चिंधीसारखं. जूनच्या लाटा सुरू झाल्या की ते भरतीच्या वरच्या रेघेवर येतं आणि पावसाबरोबर संपतं. सुशीभोवती गुंडाळतात ती जपानी नोरी याच्याच घराण्यातली. जपानी कोळी शतकानुशतकं नोरी पिकवत होते, पण तिचं बी कुठून येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं तेव्हा ते हतबल झाले. मँचेस्टरच्या शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये ते कोडं सोडवलं: शिंपल्यांवर दिसणारा एक गुलाबी बुरशीसारखा डाग, ज्याला वेगळीच जात समजत होते, तो नोरीचाच बाल्यकाळ निघाला. लग्न केलं म्हणून विद्यापीठाने त्यांची अध्यापकाची नोकरी आधीच काढून घेतली होती. हे काम त्यांनी बिनपगारी केलं. जपानात त्या कधी गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे दर एप्रिलला त्यांच्या स्मारकापाशी उत्सव होतो. कोकणच्या पॉर्फिरावर काही संशोधन झालं आहे. औषधी आणि प्रसाधनी उपयोगही तपासले गेले आहेत. त्याची शेती करायची तर शिंपल्यांवरचा तो डाग आपल्याकडच्या पाण्यात, आपल्या उन्हाळ्यात कसा सांभाळायचा हे शिकावं लागेल. ६४० कोटींतला थोडा पैसा तिकडे वळला तर तराफ्यांच्या उद्घाटनांपेक्षा मला जास्त आनंद होईल.

किनाऱ्यावरच्या बाईला सुक्या शेवाळाचा भाव मिळतो, वेल्ह्याचा शेतकरी बाटलीचा भाव देतो, आणि या दोन भावांमधलं सगळं अंतर चरक, पेटंट, लेबल आणि वाहतूक यांच्याकडे जातं. वेल्ह्याच्या शेतकऱ्याकडे मात्र स्वतःचं एक शेवाळ फुकट आहे. १९३९ साली शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी दाखवून दिलं की भाताच्या साचलेल्या पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं हवेतला नत्र धरतात, म्हणून भाताची जमीन खत न घालताही वर्षानुवर्षं पीक देत राहते. युरियाचा हात सैल सुटला की ती मंदावतात. तेव्हा बाटली घ्यायचीच असेल तर खत नियंत्रण आदेशाखालची नोंद लेबलवर आहे ना ते पाहावं, युरियाबरोबर गळ्यात पडली तर तक्रार करावी, आणि सप्टेंबरच्या उघडिपीत एका खाचराच्या अर्ध्या भागावर फवारावी, अर्धा तसाच ठेवावा. मध्ये काठीला चिंधी बांधून खूण करावी. झोडणीला दोन्ही भागांचं भात वेगळं ठेवून पायलीने मोजावं.